स्विचवरील मल्टिकास्ट वाहतुकीचे नियमन

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळपासून फार दूर नसलेल्या, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे. अँटेनांचे संकेत प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती केंद्रात येतात. त्याच संकेतांपासून आकाशाची प्रतिमा व पल्सारचे स्पंद असे दोन्ही मिळवावयाचे असतात. एकच माहिती अनेक गणकांस एकाच वेळी कशी पोचवावी, हा प्रश्न अशा यंत्रणेत सहज उद्भवतो.

प्रत्येक गणकास पृथक् प्रत पाठविल्यास प्रेषकावरील भार ग्राहकसंख्येच्या पटीत वाढतो. मल्टिकास्ट पद्धतीत प्रेषक एकच प्रत गटाच्या पत्त्यावर धाडतो व जरूर तेथे स्विच तिच्या प्रती करतो. २०१८ साली उद्घाटन झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील ‘मीरकॅट’ या ६४ अँटेनांच्या दुर्बिणीत हिचाच अवलंब केलेला आहे.

परंतु स्विच पत्ते शिकतो ते प्रेषकांच्या पत्त्यांवरून. गटाचा पत्ता प्रेषक म्हणून कधीच येत नसल्यामुळे साधा स्विच ती माहिती सर्वच पोर्टांवर सोडतो, आणि ती नको असलेल्या गणकांच्या वाटाही तुंबतात. यावर उपाय ‘आयजीएमपी स्नूपिंग’ हा होय. गटात सामील होताना गणक जे सदस्यत्वाचे निवेदन करतो, ते स्विच वाचतो व त्या पोर्टाची नोंद ठेवतो.

ही नोंद मात्र चिरस्थायी नसते. राउटर सामान्यतः दर १२५ सेकंदांनी सदस्यांची विचारणा करतो. २६० सेकंदांत उत्तर न आल्यास नोंद रद्द होते. प्रयोगशाळेच्या बंदिस्त जाळ्यात पुष्कळदा राउटरच नसतो. मग विचारणा होत नाही, म्हणून उत्तरेही येत नाहीत. चाचणी पहिली चार मिनिटे निर्दोष चालते. नंतर, स्विचच्या रचनेनुसार, प्रवाह खंडित होतो किंवा सर्वत्र पसरतो. मल्टिकास्ट सामान्यतः यूडीपीवर चालत असल्याने हरवलेली माहिती आपोआप पुन्हा मिळत नाही, आणि आकाशातील तो क्षणही परत येत नाही.

यास्तव स्नूपिंग सुरू करताना जाळ्यातील एखाद्या स्विचकडे विचारणा करण्याचे काम सोपविणे अगत्याचे आहे. तसेच चाचणी २६० सेकंदांहून अधिक काळ चालविल्याशिवाय तीवर विसंबू नये.