इंटरनेट घरात आले. कोणाच्या वाट्याला किती?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. जनतेसाठी हे म्हणण्यापुरतेच! संगणक हवा, टेलिफोन हवा, मोडेम हवा आणि वर हजारो रुपयांची वर्गणी. रोजंदारीवर चूल पेटणाऱ्या घराला हे कसे परवडावे? पुढे सायबर कॅफे निघाले. तासाचे पैसे मोजून आपली मुले तेथे परीक्षेचे निकाल पाहू लागली, नोकरीचे अर्ज भरू लागली. घर मात्र कोरडेच राहिले.

२०११ च्या जनगणनेत इंटरनेटसह संगणक असलेली कुटुंबे शंभरात जेमतेम ३ निघाली. खेड्यांत तर शंभरात १ सुद्धा नाही. २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि चित्र पालटू लागले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शंभरापैकी सुमारे २४ कुटुंबांकडे इंटरनेट होते. पण ऐपतीनुसार कुटुंबांचे पाच भाग पाडले, तर सर्वांत वरच्या भागात निम्म्या घरांत ही सोय होती आणि तळाच्या भागात शंभरातील केवळ ९ घरांत. २०२० मध्ये शाळांना टाळे लागले, वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा या दरीची किंमत गरिबांच्या लेकरांनी मोजली.

२०२५ च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण शंभरात ८६ घरांवर पोहोचले आहे. मग प्रश्न मिटला काय? आम्हांस तसे वाटत नाही. घरात एकच मोबाइल, तो वडिलांसोबत कामावर जातो. रिचार्ज संपला की इंटरनेटही संपते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, दाखले चढवायचे. हे सारे छोट्या पडद्यावर करताना मुले मेटाकुटीस येतात. मुदत टळली तर वर्षाचा आधार जातो.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. हा हक्क घरापासूनच पाळू या. मातापित्यांनो, संध्याकाळचे दोन तास मोबाइल शिकणाऱ्या मुलांना द्या, त्यात मुलीला मागे ठेवू नका. वस्तीतील मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून वाचनालयात एक संगणक व जोडणी घ्यावी. अर्जांच्या दिवसांत तेथे एखाद्या शिकलेल्या तरुणाने बसावे. एवढे तर आपल्या हाती आहे!