रिमोटची ‘ड्रिफ्ट’ गाडी घेताय? जरा थांबा!

दहावीचा निकाल लागला की मुलगा आईच्या मागे लागतो. पूर्वी तो सायकल मागायचा, नंतर मोबाईल मागू लागला. आता मोबाईलवर चित्रफिती पाहून पाहून काही मुले रिमोटची गाडी मागू लागली आहेत. तीही साधी नको. मागचा भाग बाहेर फेकत, आडवी घसरत वळणारी ‘ड्रिफ्ट’ गाडी हवी. किंमत ऐकून वडील म्हणतात, “खेळण्याला वीस हजार? दोन महिन्यांचे भाडे झाले!” विषय तिथेच संपतो. मुलगा रुसतो आणि चार दिवसांनी आई चोरून पैसे देऊन जत्रेतली गाडी आणून देते. ती ना घसरते, ना वळते. पंधरा दिवसांत माळ्यावर जाते.

वाचकहो, वडिलांचा हिशेब बरोबर आहे आणि मुलाची हौसही खोटी नाही. मात्र ही वस्तू नेमकी काय आहे हे घरातल्या मोठ्या माणसांनी जाणून घेतले, तर पैसे वाचतात आणि धोकाही टळतो. धोका कसला, ते पुढे बॅटरीच्या ठिकाणी येईलच.

जपान म्हटले की आपल्या लोकांना भदंत सुरई ससाई आठवतात, कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. ड्रिफ्टिंगचा हा प्रकारही जपानचाच. तिथल्या डोंगरी घाटरस्त्यांवर तरुण पोरे जुन्या, स्वस्तात मिळालेल्या मोटारी रात्री पळवत आणि वळणावर मुद्दाम मागची चाके घसरवीत. केइची त्सुचिया या शर्यतपटूने हे कसब गाजवले. १९८७ साली त्याची ‘प्लस्पी’ नावाची व्हिडिओ फीत निघाली. टोयोटाची एई८६ ही मोटार यासाठी प्रसिद्ध झाली, कारण ती हलकी होती, मागच्या चाकांवर चालणारी होती आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी होती. १९९५ पासून जपानी मासिकात आलेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रमालिकेचा नायक तर टोफूच्या दुकानदाराचा मुलगा. सोयाबीनचे ते पनीर पहाटे पोचवता पोचवता तो घाटात गाडी चालवायला शिकतो. २००१ पासून जपानात ‘डी१ ग्राँ प्री’ या नावाने रीतसर स्पर्धा होऊ लागल्या. यात पहिला कोण आला याला महत्त्व नसते. गाडी किती आडवी झाली, आखलेल्या रेषेवरून गेली का, शेजारच्या गाडीला किती चिकटून चालली, यावर पंच गुण देतात.

याच विद्येची लहान आवृत्ती म्हणजे रिमोटची ड्रिफ्ट गाडी. आपल्याकडे काही पोरे रीळ बनवण्यासाठी भर रस्त्यात मोटारसायकली आणि रिक्षा आडव्या करतात आणि हातपाय मोडून घेतात. त्यापेक्षा दीड किलोची गाडी घसरलेली केव्हाही बरी.

दुकानातच करायची परीक्षा

खोक्यावर ‘ड्रिफ्ट’ लिहिलेले असले म्हणजे गाडी ड्रिफ्टची झाली असे नाही. दुकानदाराला सेल घालून गाडी सुरू करायला सांगा. रिमोटचे चाक अगदी थोडे फिरवा. गाडीची पुढची चाके थोडीच वळली पाहिजेत. जास्त फिरवल्यावर जास्त वळली पाहिजेत. स्वस्त खेळण्यात चाके एक तर सरळ असतात, नाहीतर एकदम पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे जातात. वेगाचेही तसेच, एक तर बंद नाहीतर पूर्ण. अशा गाडीने ड्रिफ्टिंग होणार नाही, कारण सगळी कला त्या ‘थोडे’ मध्येच आहे.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा विचारा. पुढचा दांडा तुटला तर एकटा दांडा मिळेल का? मोटर, वेग नियंत्रित करणारी पेटी आणि चाके वळवणारा सर्व्हो वेगवेगळे आहेत, की सगळे एकाच पट्टीवर डाग देऊन बसवले आहे? सुटे मिळत नसेल तर पहिल्या धडकेत गाडी संपली असे समजा. आणि मूल चौदा वर्षांखालील असेल तर खोक्यावर आयएसआयचा शिक्का पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर तो सक्तीचा आहे.

आकार दोन-तीन प्रकारचे असतात. खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्शाची, म्हणजे १/१० मापाची गाडी ही या छंदातली मुख्य गाडी. ती सुमारे दीड फूट लांब असते. १/२८ मापाची गाडी सहा इंचांच्या आसपास असते. दहा बाय दहाच्या खोलीत, गुळगुळीत लादीवर लहान गाडी मजेत फिरते. मोठीला मात्र हॉल लागतो. डब्ल्यूएलटॉईज या चिनी कंपनीची के९६९ ही १/२८ मापाची, चारही चाकांवर चालणारी गाडी कडक टायरांसह येते. तिचे भागही सुटे मिळतात. घरात पहिल्यांदाच ही हौस शिरत असेल तर माझ्या मते एवढ्यावरच थांबावे. मुलगा सहा महिने टिकला तर पुढचे पाहता येते.

मोठ्या गाड्यांत जपानच्या तामिया आणि योकोमो, तैवानची एमएसटी आणि हाँगकाँगची थ्रीरेसिंग या कंपन्यांची नावे ऐकू येतील. बहुतेक वेळा नुसता सांगाडा मिळतो. मोटर, सर्व्हो, रिमोट, बॅटरी, चार्जर आणि वरचे कवच वेगळे घ्यावे लागते, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असते. सगळे नवे घेतले तर वीस हजारांच्या आत जुळणे कठीण. त्यात २०२० साली खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के झाले. परदेशी माल महागला तो त्यामुळे.

दोन चाके की चार?

ड्रिफ्टमध्ये गाडी डावीकडे वळत असते आणि तिची पुढची चाके मात्र उजवीकडे पाहत असतात. मागचा भाग बाहेर पळतो, त्याला पुढची चाके सावरून धरतात. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढची चाके गाडीला ओढत राहतात, म्हणून ती लवकर भोवंडत नाही. नवशिक्याला ती सोपी. तामियाची टीटी-०२डी ही या जातीची गाडी. काही जण दातेचक्रे बदलून मागची चाके पुढच्यांपेक्षा जास्त फिरतील असे करतात, म्हणजे शेपूट अधिक पळते.

फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी खऱ्या मोटारीसारखी घसरते आणि दिसायलाही देखणी. पण माणसाचा हात तिला पुरा पडत नाही. शेपूट पळाले हे डोळ्यांना दिसेपर्यंत गाडी गिरकी घेऊन मोकळी होते. म्हणून तिच्यात जायरो नावाची लहानशी डबी लावतात. गाडी किती झपाट्याने फिरते आहे हे ती ओळखते आणि पुढची चाके क्षणात वळवते. जायरोशिवाय ही गाडी नवशिक्याने घेऊच नये.

जायरो उलटा बसला तर गाडी सावरण्याऐवजी अधिकच भोवंडते. नवी पोरे यातच दिवसचे दिवस घालवतात, म्हणून तपासायची रीत सांगतो. गाडी चालू करून टेबलावर ठेवा आणि हाताने तिचे शेपूट झटकन डावीकडे ढकला. पुढची चाके डावीकडेच वळली पाहिजेत. उजवीकडे वळली तर जायरोवरचे दिशेचे बटण बदला. जायरोचा जोर कमी-जास्त करता येतो. जोर फार झाला तर पुढची चाके सरळ रस्त्यावरही थरथरू लागतात. थरथर थांबेपर्यंत तो कमी करावा. कमी पडला तर गाडी गिरक्या घेते. सर्व्होही चपळ हवा. ६० अंश फिरायला ०.१० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेणारा असावा, नाहीतर जायरोने हुकूम देऊन उपयोग नाही.

मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियल ड्रिफ्टसाठी बंद करतात, म्हणजे दोन्ही चाके बरोबरच फिरतात. पुढची चाके साध्या गाडीत जेवढी वळतात त्याच्या दुपटीइतकी वळायला हवीत. ड्रिफ्टसाठीच बनवलेल्या सांगाड्यात ही सोय असते. साध्या गाडीत दांडे बदलावे लागतात.

मोटरवर पैसे उधळू नका. ५४० आकाराची साधी ब्रशची मोटर शिकायला पुरते, कारण कडक टायर गुळगुळीत जमिनीवर थोड्या ताकदीनेही घसरतात. ब्रशलेस घ्यायचीच असेल तर सेन्सर असलेली, १३.५ टर्नची घ्यावी. हा आकडा जितका लहान तितकी मोटर पळणारी. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा असावा, म्हणजे पाच-सहा गाड्या एकत्र चालवल्या तरी एकाचा रिमोट दुसऱ्याच्या गाडीत ढवळाढवळ करत नाही. जुन्या बाजारात लांब पत्र्याच्या अँटेनाचे संच मिळतात, ते २७ मेगाहर्ट्झचे. ते स्वस्त असले तरी सोडून द्या.

आता टायर. इथे आपल्या नळकाम करणाऱ्या मिस्त्री बांधवांची मदत होईल. ड्रिफ्टचे टायर रबराचे नसतात, कडक प्लॅस्टिकचे असतात. ते विकत मिळू लागण्याआधी या छंदातले लोक पीव्हीसी किंवा एबीएसच्या पाइपाच्या कड्या कापून चाकांवर चढवीत. आजही ते चालते. चाक दुकानात घेऊन जा आणि घट्ट बसेल असा पाइप निवडा. सुमारे २६ मिलिमीटर रुंदीची कडी हॅकसॉने सरळ कापा आणि कडा काचकागदाने घासून घ्या. चारही कड्या एकाच पाइपाच्या असाव्यात. शेकडो रुपयांचे काम पाइपाच्या एका उरलेल्या तुकड्यात होते.

बॅटरी : इथे हयगय नको

एका खोलीत सहा माणसे झोपतात, त्याच खोलीत गॅस आहे, तिथेच कपड्यांची घडवंची. अशा घरात लिथियम पॉलिमर बॅटरी निष्काळजीपणे चार्जिंगला लावून सगळे झोपी गेले, तर काय होऊ शकते याचा विचार करा. ही बॅटरी बिघडली तर फुगते, धूर सोडते आणि भडकते. शिकाऊ मुलासाठी निकेल-मेटल-हायड्राइडचा ७.२ व्होल्टचा सहा सेलचा पॅक घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. तो जड असतो आणि थोडा मंदही, पण सोशिक असतो.

लिथियम घेतलीच तर तिचे नियम पाळा. दोन सेलची बॅटरी भरल्यावर ८.४ व्होल्ट असते. एका सेलचा दाब ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये, म्हणून वेग-नियंत्रकातली ‘लिपो’ची खूण चालू ठेवावी. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजणारा, म्हणजे बॅलन्स चार्जर हवा. मोबाईलच्या चार्जरला वायर जोडून भागवू नये. ४००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी ४ अँपिअरपेक्षा जास्त जोराने भरू नये. चार्जिंग फरशीवर किंवा दगडी ओट्यावर करावे, गादीवर किंवा लाकडी फळीवर कधीच नाही आणि गॅसजवळही नाही. जागे असतानाच करावे. जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. आठ-पंधरा दिवस गाडी चालवायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवावा. फुगलेली बॅटरी कितीही नवी असो, वापरातून काढावी. गाडी जुनी घेतली तरी चालेल, बॅटरी मात्र जुनी घेऊ नये.

जुनी गाडी घेताना चाके हाताने हलवून ढिली आहेत का पाहा. दातेचक्राचे दात मोजा आणि स्क्रूंची डोकी झिजली आहेत का तपासा. सर्व्हो कुरकुरतो का तेही ऐका.

कवच पॉलिकार्बोनेटचे, पारदर्शक असते आणि ते आतून रंगवायचे असते. बाहेरून रंगवले तर पहिल्या घासण्यात रंग जातो. यासाठी पॉलिकार्बोनेटचा खास रंग येतो. साधा ऑइलपेंट पापुद्रे धरतो. आतून रंगवायचे म्हणजे बारीक काम आधी, मुख्य रंग शेवटी. आपल्या पोरांना निळी गाडी आणि तीवर ‘जय भीम’ हवेच असणार! तर ती अक्षरे आरशात दिसतात तशी उलटी लिहून आधी वाळू द्यावीत आणि मग निळा मारावा. मुलींचा हात यात चांगला चालतो. पण त्यांना रंगापुरतेच बसवू नका, पान्हा आणि डागाची सळईही त्यांच्या हाती द्या.

एकट्याने घेण्यापेक्षा वस्तीतल्या सात-आठ मुला-मुलींनी मिळून एक गाडी घ्यावी, दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये काढून. (जयंतीच्या वर्गणीला हात लावू नये, हे सांगायला नकोच.) गाडी मोडणार हे धरूनच चालायचे. ती उघडायची, डाग द्यायचा, पुन्हा जोडायची. एखादा आयटीआयचा मुलगा गटात असला तर फारच बरे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी आपल्या मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी केली होती. यंत्राला हात लागला पाहिजे, हा मुद्दा तेव्हाही होता.

सुरुवात गोल फिरण्यापासून करावी. जमिनीवर एक चप्पल ठेवा आणि तिच्याभोवती गाडी घसरवत एकाच दिशेने फिरवा. मग उलट्या दिशेने. हे जमले की दोन चपला आणि इंग्रजी आठचा आकडा. वेगाचे बटण पूर्ण दाबायचे नाही. बोट सतत थोडे आत, थोडे बाहेर. गाडी पुढे सरकतच नसेल तर बॅटरी थोडी मागे सरकवून मागच्या चाकांवर वजन आणावे.

समाजमंदिराची कोटा किंवा मोझॅकची फरशी यासाठी उत्तम. पदाधिकाऱ्यांना आधी विचारा. वंदनेची, अभ्यासिकेची आणि महिला मंडळाची वेळ सोडा. आधी फरशी झाडून घ्या, कारण बारीक खडा दातेचक्रात गेला तर गाडी तिथेच थांबते. प्लॅस्टिकच्या कड्यांचा पांढरा भुगा फरशीवर पडतो. जाण्यापूर्वी तो ओल्या फडक्याने पुसून काढावा.