जेनकिन्सचं बिऱ्हाड

बिल्ड सर्व्हर कंटेनरमध्ये ठेवायचा म्हटलं की २०१४-१५ च्या सुमारास वर्ध्यात पहिला प्रश्न यायचा, "कायले?" आर्वी नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात जुन्या डेस्कटॉपवर जेनकिन्स चालत होतंच की! कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना लिहिलेलं हे मूळचं हडसन. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून भांडण झालं आणि २०११ मध्ये हडसनचं जेनकिन्स झालं. कंटेनर चालवणारं डॉकर आलं मार्च २०१३ मध्ये.

आम्हाला कंटेनर पटवला तो वर्ध्याच्या उन्हाळ्याने. मे महिन्यात लाइन जाणार, यूपीएस दम तोडणार आणि एखाद्या दिवशी हार्ड डिस्क कायमची बसणार. मग दुसऱ्या मशीनवर जावा, मेव्हन, पाथ, सगळं पहिल्यापासून. कंटेनरमध्ये तेच काम एका कमांडचं. ब्राउझरमध्ये ८०८० पोर्ट उघडायचा, की जेनकिन्स हजर.

पण कंटेनर ही भाड्याची खोली, कधीही सोडायची तयारी ठेवूनच राहायचं. आणि जेनकिन्स हा सामान जमवणारा भाडेकरू. जॉब, जुन्या बिल्डचा इतिहास, प्लगइन, पासवर्ड, सगळं एका 'जेनकिन्स होम' फोल्डरात. कंटेनर काढून टाकला की सगळंच गेलं. पुढची दहा वर्षं खरं तर या एकाच गोष्टीवर तोडगे काढण्यात गेली.

पहिला तोडगा व्हॉल्यूमचा: सामान खोलीबाहेर ठेवा. लगेच परवानगीची कटकट सुरू. इमेजमधला जेनकिन्स १००० क्रमांकाचा युजर, आणि होस्टवरचा फोल्डर रूटच्या मालकीचा. सर्व्हर उठायचाच नाही, लॉगमध्ये नुसतं 'परमिशन डिनाइड'. फोल्डरची मालकी बदलली की गाडी रुळावर. हे नव्या पोरांना आजही सांगावं लागतं.

मग कंटेनरमधल्या जेनकिन्सला स्वतःच डॉकर इमेज बांधायची हौस आली. डॉकरच्या आत डॉकर चालवायची सोय करणारे जेरोम पेटाझोनी यांनीच २०१५ मध्ये लिहिलं की बिल्डसाठी हे करण्याआधी दोनदा विचार करा. त्याऐवजी होस्टचं डॉकर सॉकेट आत द्या. बहुतेकांनी ते ऐकलं. पण सॉकेट ज्याच्या हाती, त्याच्या हाती अख्खं मशीन, हे सोयीस्कर विसरलं गेलं. माझ्या मते या सगळ्या काळातली ही सगळ्यात महागडी सवय.

मेमरीचा घोळ वेगळाच. जेनकिन्स चालवणाऱ्या जुन्या जावाला कंटेनरची मर्यादा दिसायचीच नाही. ती होस्टची रॅम पाहून तिच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत हीप धरायची आणि मर्यादा ओलांडली की कर्नल प्रोसेस मारून टाकायचा. एक्झिट कोड १३७. २०१८ मध्ये जावा १० आणि पाठोपाठ जावा ८ च्या १९१ व्या अपडेटने हे मिटवलं.

२०१८ मध्येच 'कॉन्फिगरेशन अ‍ॅज कोड' प्लगइनची १.० आवृत्ती आली आणि माझ्या लेखी बाजी तिथे पलटली. सेटिंग यामल फाइलमध्ये, प्लगइनची यादी टेक्स्ट फाइलमध्ये, दोन्ही गिटमध्ये. निम्मं सामान जमवायची गरजच संपली.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये हिंजवडीतली पोरं हिंगणघाट, देवळी, आर्वीला घरी परतली आणि गावातून पुण्याचे बिल्ड चालवू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इमेज पुरवणाऱ्या डॉकर हबने लॉगिन न केलेल्यांना सहा तासांत १०० पुलची मर्यादा घातली, तीही आयपी पत्त्यावर मोजून. ऑफिसातली सगळी मशीन एकाच पत्त्यामागे, त्यामुळे दुपारपर्यंत बिल्ड लाल! काही ठिकाणी अजून नुसत्या 'जेनकिन्स' नावाची जुनी इमेज ओढली जात होती. ती २.६०.३ वरच थांबलेली, वाली नसलेली.

जानेवारी २०२४ मध्ये जेनकिन्सच्या कमांड लाइनमधून सर्व्हरवरच्या फाइली वाचता येण्याची गंभीर चूक उघड झाली. कंटेनरच्या भिंतीचा इथे फारसा उपयोग नव्हता. चोरण्यासारखं जे होतं ते त्या होम फोल्डरातच. दुरुस्ती मात्र सोपी होती. ज्यांचं सेटिंग गिटमध्ये होतं त्यांनी टॅग बदलून २.४२६.३ केला, जुना कंटेनर काढला, नवा उभा केला. बाकीचे आधी बॅकअप शोधत बसले.