मालक चांगला असला म्हणून?

घाटकोपर पूर्वेच्या रमाबाई आंबेडकर नगरात 'रिपब्लिकन' हा शब्द पोरांनाही पाठ असतो. वस्तीबाहेर मात्र बहुतेकांना ते एका पक्षाचं, फार तर एका समाजाचं नाव वाटतं. पक्षाची कल्पना बाबासाहेबांची, स्थापना त्यांच्या निधनानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात. त्या नावामागचा विचार पक्षापेक्षा कितीतरी जुना आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी माणसांनी जीव दिला. अंधेरी-बोरिवलीत राहणाऱ्या कुणालाही तो आज लागू पडतो, म्हणून त्याच्याभोवतीचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

'राजा गेला, निवडणुका आल्या, की झालं प्रजासत्ताक', हा पहिला गैरसमज. तत्त्वज्ञ रूसोने १७६२ साली 'सामाजिक करारा'त निकष वेगळा सांगितला: जिथे कायद्याचं राज्य, ते प्रजासत्ताक. कारभाराचा प्रकार कोणता, हा नंतरचा प्रश्न. राजा असूनही हा निकष पुरा होऊ शकतो आणि राजा नसतानाही मोडू शकतो.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजला आहे, कारण तो दिसायला अगदी बरोबर दिसतो. 'मला कुणी अडवत नाही, म्हणजे मी स्वतंत्र.' इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचं म्हणणं जवळपास हेच होतं. १६५१च्या 'लेव्हायथन'मध्ये तो लिहितो, की इटलीतल्या लुका शहराच्या बुरुजांवर 'स्वातंत्र्य' हा शब्द मोठ्या अक्षरांत कोरला आहे खरा, पण तिथला नागरिक सुलतानाच्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या माणसापेक्षा जास्त मोकळा आहे असं म्हणता येत नाही. जेम्स हॅरिंग्टनने पाचच वर्षांनी, १६५६च्या 'ओशियाना'त, त्याला उत्तर दिलं. सुलतानाच्या राज्यात सर्वांत मोठ्या सरदाराचं डोकंसुद्धा सुलतानाच्या मर्जीवर धडावर टिकतं. लुकातल्या साध्या माणसाची जमीन आणि जीव फक्त कायद्याच्या अधीन, आणि तो कायदा सर्वांच्या रक्षणासाठी केलेला.

ॲल्जर्नन सिडनी आणखी पुढे गेला. धनी कितीही सज्जन, कितीही प्रेमळ असो, त्याच्या मर्जीवर जगणारा गुलामच, असं त्याने लिहून ठेवलं. १६८३ साली राजद्रोहाच्या खटल्यात कायद्याला दोन साक्षीदार हवे होते आणि सरकारकडे एकच होता. तेव्हा सिडनीचं हे अप्रकाशित हस्तलिखितच दुसरा साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं आणि त्याचा शिरच्छेद झाला. मर्जीचं राज्य म्हणजे काय, हे त्या निकालाने पुस्तकापेक्षा स्पष्ट दाखवलं.

अंधेरीत अकरा महिन्यांच्या लीव्ह-लायसन्सवर राहणारं कुटुंब घ्या. घरमालक भला माणूस, कधी फोन करून त्रास देत नाही. तरी पावसात भिंत झिरपली की नवरा-बायको आधी एकमेकांकडे बघतात: सांगायचं का? करार संपत आलाय, यांनी पुढे वाढवलाच नाही तर? मुलीची शाळा इथली आहे. मालकाने काहीही केलेलं नाही, पण त्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घेत हे लोक जगतात. हॉब्जच्या हिशेबात हे पूर्ण स्वतंत्र. सिडनी आणि हॅरिंग्टन तसं म्हणणार नाहीत, आणि मला तेच बरोबर वाटतात.

यातूनच तिसरा गैरसमज सुटतो: 'कायदा म्हणजे स्वातंत्र्यावर बंधन.' शेजारच्या जुन्या चाळीतला पागडीचा भाडेकरू गळकं छत बेधडक दाखवतो, कारण कायद्यात दिलेली कारणं कोर्टात सिद्ध केल्याशिवाय त्याला कुणी बाहेर काढू शकत नाही. पागडीच्या इमारतींचे हाल मला माहीत आहेत. दुरुस्तीवाचून त्या खचतात, आणि तो प्रश्न सोडवायलाच हवा. पण त्या भाडेकरूची ताठ मान कायद्यानेच दिलेली आहे. कायदा नाही तिथे स्वातंत्र्यही नाही, हे जॉन लॉकनेही बजावलं होतं.

मर्जीवर जगण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण खोतीचं. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला. सारा किती घ्यायचा, वेठीला कुणाला धरायचं, हे बरंचसं त्याच्या हातात. काही खोत दयाळू असतीलही. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं ते खोतांना सज्जन करण्यासाठी नव्हतं, खोतीच रद्द करण्यासाठी होतं. ते मंजूर झालं नाही. पुढे १९४९च्या कायद्याने खोती गेली.

'हे सगळे विचार बाहेरून आणलेले', असंही म्हटलं जातं. जोतिराव फुल्यांनी टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं, हे खरं. पण १८७३च्या 'गुलामगिरी'त त्यांनी जी गुलामी उलगडली ती इथली, गावागावातली, आणि ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात प्राचीन भारतातली गणराज्यं आणि बौद्ध संघांची सभेची कार्यपद्धती यांची आठवण करून दिली. त्याच भाषणात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलच्या आधाराने बजावलं, की कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. सिडनीचा चांगला धनी आणि आपल्याकडचा थोर नेता, दोघांबद्दल इशारा एकच आहे.

आता शेवटचा गैरसमज, आणि हा या विचारवंतांच्या चाहत्यांचा: त्यांना सर्वांचं स्वातंत्र्य हवं होतं. नव्हतं. हॅरिंग्टनने घरगड्यांना नागरिकांतून वगळलं. जो दुसऱ्यावर अवलंबून, त्याला स्वतःचं मत कुठलं, हा त्याचा युक्तिवाद. स्त्रिया तर हिशेबातच नव्हत्या. इंग्रज लेखिका मेरी ॲस्टेलने १७०६ साली थेट विचारलं: सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र, तर सगळ्या स्त्रिया जन्मतः गुलाम कशा? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२च्या 'स्त्री-पुरुष तुलने'त पुरुषांना असाच जाब मागितला.

मुलुंड-बोरिवलीच्या इमारतींत सकाळी सहापासून चार-चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका हॅरिंग्टनच्या यादीत बसल्या नसत्या. आपल्या संविधानाने त्यांना पहिल्या दिवसापासून मत दिलं. २००८च्या घरेलू कामगार कल्याण मंडळ कायद्याने नोंदणी आणि कल्याण योजनांची सोय केली. पण दोन दिवस गावी राहिली म्हणून 'उद्यापासून येऊ नकोस' असं सांगणाऱ्या घराला त्या कायद्याखाली एका दिवसाची नोटीससुद्धा द्यावी लागत नाही.