आरोग्यविमा, राष्ट्रीय

आजारपणाचा खर्च रुग्णाच्या कुटुंबाने आयत्या वेळी एकट्याने न सोसता, सर्व नागरिकांसाठी आगाऊ जमविलेल्या सामाईक निधीतून तो भागविण्याची देशव्यापी व्यवस्था. हा निधी वेतनातून सक्तीने कापलेल्या वर्गणीतून, करांच्या उत्पन्नातून किंवा या दोहोंच्या मिश्रणातून उभारला जातो. औद्योगिक दृष्ट्या प्रगत अशा बहुतेक देशांत या ना त्या स्वरूपात ही व्यवस्था रूढ झाली आहे. ज्या देशांतील बहुसंख्य लोक शेती व मोलमजुरीवर जगतात त्यांना ती परवडेल काय, हा प्रश्न मात्र वादग्रस्त राहिला आहे. मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे दोन जिल्हे या प्रश्नाच्या विवेचनास उपयुक्त ठरतात. कारण शासनाने हप्ता भरून चालविलेल्या योजनेचा अनुभव तेथे अनुक्रमे २०१२ व २०१३ पासून उपलब्ध आहे.

तत्त्व : विम्याचे मूलतत्त्व जोखमीच्या वाटणीचे आहे. हजार कुटुंबांपैकी कोणत्या कुटुंबावर मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवेल हे सांगता येत नाही. परंतु साधारणतः किती कुटुंबांवर तो ओढवेल, याचा अंदाज बांधता येतो. विमा ऐच्छिक ठेवल्यास आजारी व वृद्ध माणसे त्यात अधिक प्रमाणात येतात, त्यामुळे हप्ता वाढतो आणि निरोगी माणसे बाहेर पडतात. या दोषास ‘प्रतिकूल निवड’ असे म्हणतात. तो टाळण्यासाठी राष्ट्रीय विम्यात सहभाग सक्तीचा असतो किंवा शासन सर्वांच्या वतीने हप्ता भरते.

ऐतिहासिक विकास : सक्तीच्या आजारविम्याचा पहिला राष्ट्रीय कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८३ मध्ये झाला. ब्रिटनने १९११ मध्ये कामगारांसाठी विमा सुरू केला. तथापि १९४८ मध्ये मुख्यतः करांवर आधारलेली राष्ट्रीय आरोग्य सेवा स्वीकारली. जपानने १९६१ मध्ये सर्व लोकसंख्या विम्याखाली आणली. दक्षिण कोरियाने १९७७ मध्ये पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांपासून प्रारंभ करून १९८९ पर्यंत सर्व नागरिकांस विमा लागू केला. थायलंडने शेतकरी व असंघटित कामगार यांच्याकडून वर्गणी गोळा करण्याची अडचण ओळखून २००२ मध्ये करांतून खर्च भागविण्याचा मार्ग पत्करला. त्यापूर्वीच तेथे ग्रामीण रुग्णालये व आरोग्य केंद्रे उभारण्यात आली होती, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. घानाने २००३ च्या कायद्यान्वये विक्रीवरील २·५ टक्क्यांचा स्वतंत्र आकार या कामासाठी राखून ठेवला. देश समृद्ध झाल्यावरच राष्ट्रीय विमा शक्य होतो, हे मत या उदाहरणांवरून टिकत नाही.

भारतातील वाटचाल : भोर समितीने १९४६ च्या अहवालात, पैसे देण्याची ऐपत नसल्यामुळे कोणीही उपचारांविना राहू नये, असे तत्त्व मांडले. त्याआधी १९४४ मध्ये बी. पी. अदारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या विम्याचा अहवाल सादर केला होता. त्याच्या आधारे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे झाला. या योजनेत मालक व कामगार यांची वर्गणी वेतनाच्या ठराविक टक्केवारीने घेतली जाते. २०१९ मध्ये ती अनुक्रमे ३·२५ व ०·७५ टक्के ठरविण्यात आली. परंतु नियमित वेतनपत्रकावर नाव असणे ही तिची पूर्वअट असल्याने शेतकरी, शेतमजूर व ऊसतोड कामगार तिच्या कक्षेबाहेर राहिले.

हंगामी उत्पन्नातूनही वर्गणी घेता येते, हे वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाच्या प्रयोगाने दाखवून दिले. १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत गावकरी सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने वर्गणी देत व अधिक जमीन असलेल्यांकडून अधिक ज्वारी घेतली जाई. मात्र असे प्रयोग गाव व रुग्णालय यांच्यातील निकट विश्वासावर अवलंबून असतात. ते संपूर्ण राज्यभर पसरविणे कठीण असते.

नांदेड व लातूर येथील अनुभव : २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सु. ३३·६ लाख व लातूरची सु. २४·५ लाख होती आणि दोन्ही जिल्ह्यांत सु. तीन चतुर्थांश लोक ग्रामीण भागात राहत होते. सोयाबीन, कापूस, कडधान्ये व ऊस यांवर अवलंबून असलेले उत्पन्न पावसाच्या लहरीनुसार बदलते. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा वर्षी घरात गंभीर आजार उद्भवल्यास कुटुंबास सावकाराकडे जाणे, जनावरे विकणे किंवा जमीन गहाण टाकणे भाग पडते.

महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मराठवाड्यातील नांदेड हा एकमेव जिल्हा होता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती लातूरसह उर्वरित राज्यास लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव देण्यात आले. प्रारंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना नऊशेहून अधिक प्रकारच्या उपचारांसाठी वर्षास दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांचाही तीत समावेश झाला. या जिल्ह्यांत नांदेड व लातूर होते. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ मध्ये सुरू झाल्यावर २०२० पासून दोन्ही योजना एकत्रित राबविण्यात येऊ लागल्या. २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने उत्पन्नाची अट काढून पाच लाख रुपयांचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचे ठरले.

खर्चाचे गणित : २०१२ मध्ये शासन प्रत्येक कुटुंबामागे वर्षास ३३३ रु. हप्ता भरत असे. दोन्ही जिल्ह्यांतील एकूण लोकसंख्येची पाच जणांमागे एक याप्रमाणे सु. ११·६ लाख कुटुंबे धरल्यास, त्या दराने सर्वांचा वार्षिक हप्ता सु. ३९ कोटी रु. होतो. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या मानाने ही रक्कम अल्प आहे. मात्र ती अल्प असण्याचे एक कारण असे, की तीतून केवळ ठरविलेले आंतररुग्ण उपचार मिळत. मधुमेह व रक्तदाब यांवरील रोजची औषधे, तपासण्या आणि बाह्यरुग्ण सेवा यांचा खर्च कुटुंबाकडेच राहिला. भारतीय कुटुंबांच्या वैद्यकीय खर्चात औषधांचा वाटा मोठा असल्याने ही उणीव गौण मानता येत नाही.

याउलट, विमा नसला तरी खर्च टळत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला भाग २०१३–१४ मध्ये ६४·२ टक्के होता. तो २०२१–२२ मध्ये ३९·४ टक्क्यांवर आला. याच काळात शासकीय आरोग्यखर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या १·१५ टक्क्यांवरून १·८४ टक्क्यांपर्यंत वाढला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे २०२५ पर्यंतचे उद्दिष्ट २·५ टक्क्यांचे होते. म्हणजे देश आजारपणाचा खर्च करीतच असतो. तो आजारी माणसाकडून घ्यावयाचा की सर्वांकडून ऐपतीप्रमाणे, एवढाच निर्णय उरतो.

मर्यादा : विम्याचे संरक्षण कागदावर मिळाले, तरी उपचार रुग्णालयातच मिळतात. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे निघाले. नांदेडला ते १९८८ मध्ये व लातूरला २००२ मध्ये स्थापन झाले. योजनेत अंगीकृत केलेली रुग्णालये मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटलेली असतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर हा डोंगराळ, आदिवासी वस्तीचा भाग जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून शंभर किमी.हून अधिक दूर आहे. तेथील रुग्णास प्रवास व बुडालेली मजुरी यांचा भार स्वतःच सोसावा लागतो. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर–१ ऑक्टोबर २०२३ या काळातील चोवीस तासांत २४ रुग्ण मरण पावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे व कर्मचारी अपुरे असल्याचे आरोप झाले. औषधांचा तुटवडा असल्याचे शासनाने नाकारले आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. अत्यवस्थ रुग्णांचा अखेरचा आधार शासकीय रुग्णालयच असते व विम्याची पाच लाखांची मर्यादा त्याची जागा घेऊ शकत नाही, हे या घटनेने प्रकर्षाने पुढे आणले. तसेच हप्त्याची रक्कम केवळ खाजगी रुग्णालयांकडे वळत राहिल्यास सार्वजनिक सेवा अधिक दुर्बल होण्याचा संभव असतो.

एकंदरीत, विकसनशील देशाला राष्ट्रीय आरोग्यविमा परवडू शकतो. मात्र वेतनातील वर्गणीवर आधारलेला विमा कृषिप्रधान जिल्ह्यांत यशस्वी होणे कठीण आहे. तेथे करांतून निधी उभारणे, औषधे व बाह्यरुग्ण सेवा यांचा संरक्षणात समावेश करणे आणि निधीचा पुरेसा भाग प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपजिल्हा रुग्णालये व जिल्हा पातळीवरील रुग्णालये यांतील मनुष्यबळ व साधने वाढविण्यावर खर्च करणे आवश्यक ठरते. यांपैकी शेवटच्या बाबीकडे दुर्लक्ष झाल्यास विम्याचा हक्क प्राप्त होऊनही ग्रामीण रुग्ण उपचारांना वंचित राहतो.