एका अंगणात तीन कोंबडे

छत्रपती संभाजीनगर सोडून फुलंब्री, खुलताबाद किंवा पैठणच्या वाटेला लागले की वस्तीवस्तीवर मोकळ्या फिरणाऱ्या देशी कोंबड्या दिसतात. शहरातही ज्यांच्या घराला अंगण उरले आहे, तिथे पाच-दहा कोंबड्या असतात. त्यांचे दाणा-पाणी बहुतेक घरची बाईच पाहते आणि अंड्यांचे पैसेही तिच्याच हाती राहतात. मुलांच्या वह्या, किरकोळ औषधे, ईदच्या बांगड्या यांचा खर्च त्यातून निघतो.

या घरांत एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. चार-पाच महिन्यांत ते आरवू लागतात आणि अंगणात रोजची मारामारी सुरू होते. मग काही घरे एकच कोंबडा ठेवतात आणि तो कुत्र्याने नेला की त्या हंगामात पिल्लेच निघत नाहीत. काही घरे जीव जडल्यामुळे सगळेच ठेवतात आणि कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात. आमच्या मते खरी वाट या दोन्हींच्या मधली आहे. दोन-तीन कोंबडे एका अंगणात सुखाने राहू शकतात, पण त्यासाठी हिशेब आधी करावा लागतो.

हिशेब आठास एक

महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाची परसातील कोंबडीपालनासाठी योजना आहे. तिच्यात पन्नास टक्के अनुदानावर तलंगांचा गट दिला जातो आणि त्या गटात 25 माद्या व 3 नर असतात. म्हणजे साधारण आठ कोंबड्यांमागे एक कोंबडा. मोकळ्या फिरणाऱ्या देशी कळपासाठी आठ ते दहास एक हे प्रमाण चांगले चालते. घरी दहा कोंबड्या असतील तर एक कोंबडा पुरतो, वीस-पंचवीस असतील तर दोन किंवा तीन.

आणखी एक गोष्ट अनेकींना ठाऊक नसते. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरजच नसते. तो लागतो फक्त पिल्ले काढण्यासाठी. केवळ खाण्याची किंवा विकण्याची अंडी हवी असतील तर एकही कोंबडा नसला तरी चालते.

भांडण कशासाठी?

कळपात प्रत्येकाचा मान ठरलेला असतो. आधी कोण खाणार, वरच्या दांडीवर कोण बसणार, वाट कोण सोडणार, हे चोचीच्या जोरावर ठरते. नॉर्वेच्या थोर्लेइफ शेल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि 1921 मध्ये हा क्रम शास्त्रीय रीतीने मांडला. क्रम एकदा ठरला की भांडणे कमी होतात. खालचा कोंबडा मान खाली घालून बाजूला होतो आणि वरचा त्याला सोडून देतो.

म्हणून मानेची पिसे फुलवून समोरासमोर उभे राहणे, दोन-चार उड्या मारणे, एवढ्याने घाबरू नये. मात्र हरलेल्याला पळायला जागा हवी. बंद खुराड्यात ती नसते आणि तिथेच रक्त निघते. मोकळ्या रानात कोंबडे आपापल्या कोंबड्या घेऊन वेगवेगळ्या बाजूंना चरतात. तिथे जास्त कोंबड्यांचा फायदाही होतो. घार दिसली की कोंबडा एक आवाज काढतो, मांजर किंवा मुंगूस दिसले की दुसरा. पहारेकरी दोन असले तर पिल्ले अधिक सुरक्षित राहतात.

घरात पाळायच्या गोष्टी

एकत्र वाढलेले भाऊ-कोंबडे सहसा जमवून घेतात. मोठा परका कोंबडा एकदम कळपात सोडू नये. आधी दोन-तीन आठवडे त्याला वेगळे ठेवावे. त्यामुळे रोगही कळतो. मग काही दिवस जाळीआडून कळपाला दिसू द्यावा आणि नंतर सोडावा.

दाणा आणि पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे. एकच भांडे असले तर दुबळा कोंबडा उपाशी राहतो. आडोशाला पाट्या, झुडपे, जुनी टोपली असू द्यावी. खुराडे सकाळी लवकर उघडावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सावली आणि गार पाणी नसेल तर कोंबडे सुस्तावतात आणि अंडी फळत नाहीत.

कोंबडीच्या पाठीवरची पिसे गेली, ती दिवसभर खुराड्यातच दडून बसू लागली, तर कोंबडे जास्त झाले असे समजावे. जखमी पक्ष्याला ताबडतोब वेगळे करावे, कारण रक्त दिसले की बाकीचे त्यावरच टोचतात. जास्तीचे नर ठेवायचेच असतील तर कोंबड्या दिसणार नाहीत अशा जागी त्यांचा वेगळा कळप करावा.

माणसांवर धावून येणारा कोंबडा मात्र कितीही देखणा असला तरी ठेवू नये. त्याच्या पायाचा काटा लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतो. तसेच एकाच रक्तातले नर-मादी वर्षानुवर्षे ठेवू नयेत. वर्ष-दोन वर्षांनी नात्यातल्या किंवा शेजारच्या घराशी कोंबड्यांची अदलाबदल करावी. मानमोडीची लस चुकवू नये, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची चौकशी करावी.

जास्तीचा कोंबडा कुठे जातो?

शेवटी काही तलंगे विकावेच लागतात किंवा घरी कापावे लागतात. तीन-चार महिन्यांचे झाले की कोणते ठेवायचे हे ठरवून टाकावे. शांत, निरोगी, कोंबड्यांना दाणा दाखवून बोलावणारा नर ठेवण्याजोगा.

विकताना एक मोह समोर येतो. दणकट, उंच मानेचा असील जातीचा कोंबडा असेल तर झुंजीचे शौकीन खाटकापेक्षा जास्त पैसे देऊ करतात. ज्या घरात महिन्याचा हिशेब जेमतेम जुळतो, तिथे ही रक्कम नाकारणे सोपे नाही. तरी ती नाकारावी. जनावरांना झुंजवणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जनावरांना एकमेकांशी लढवण्यास मनाई केल्याची रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत आहे. कोंबडा नमाजसाठी उठवतो, म्हणून त्याला बरेवाईट बोलू नये, हेही अबू दाऊदमध्ये आले आहे. ज्याला शिवी द्यायची नाही, त्याच्या पायाला पाते बांधणाऱ्याच्या हाती त्याला कसे द्यायचे?

आपल्या अंगणात दोन कोंबडे भांडले तर तो त्यांचा स्वभाव आहे. त्यांना पुरेशी जागा देणे, वेळेवर संख्या कमी करणे आणि विकताना घेणारा कोण आहे हे विचारणे, एवढे मात्र आपल्या हातात आहे. हा प्रश्न विचारायला घरच्या बाईला संकोच वाटत असेल, तर तिच्या बाजूने घरच्या पुरुषांनी उभे राहावे.