हिरवीगार नदी, गुदमरलेले मासे

फेब्रुवारी उलटला की पुण्यातल्या एखाद्या पुलावरून खाली बघा. मुळा, मुठा, पवना या नद्यांमध्ये कित्येक ठिकाणी पाणी दिसतच नाही. दिसतं ते हिरवंगार मैदान. नवख्या माणसाला वाटेल, व्वा, काय निसर्ग आहे! प्रत्यक्षात ती जलपर्णी असते आणि तिचं असं फोफावणं म्हणजे नदीला अजीर्ण झाल्याचं लक्षण.

प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विषारी रसायनं येतात. इथे मात्र भानगड पौष्टिक गोष्टींची आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस, म्हणजे शेतात ज्यांना आपण खत म्हणतो, तेच नदीत गरजेपेक्षा जास्त झाले आहेत.

नायट्रोजन चक्राची बाणाबाणांची आकृती शाळेत सगळ्यांनीच काढली आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो त्यांच्यासाठी तयार करून देतात. 1909 मध्ये फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला आणि 1913 पासून तो कारखान्यात तयार होऊ लागला. आजची युरियाची गोणी ही त्याचीच देणगी. फॉस्फरसचं तसं नाही. तो खाणीतल्या खडकातून येतो आणि आपल्या देशाला त्यातला बराचसा आयात करावा लागतो.

आता त्या फॉस्फरसचा प्रवास बघा. खाणीतून खताच्या गोणीत, गोणीतून शेतात, शेतातून गव्हात, गव्हातून मेसच्या ताटातल्या पोळीत, तिथून हॉस्टेलच्या संडासात, नाल्यात, मुठेत, भीमेत आणि शेवटी उजनीच्या जलाशयात. पूर्वी गावातलं शेणखत, सोनखत पुन्हा शेतात जायचं. म्हणजे चक्र पूर्ण व्हायचं. शहरात त्या चक्राची झाली सरळ रेघ, आणि ती नदीत येऊन संपते. नायट्रोजन निदान जिवाणूंमार्फत हवेत परत जाऊ शकतो. फॉस्फरस तसा उडून जात नाही, तो गाळात साठून राहतो.

‘सांडपाणी शुद्ध केलं की झालं ना?’ तेवढ्याने भागत नाही. शुद्धीकरणाची नेहमीची पद्धत मुख्यतः कुजणारी घाण कमी करते. नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायला वेगळे टप्पे लागतात. ते नसतील तर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातूनही खत नदीत जातच राहतं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा कॅनडातला आहे. 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लेक 226’ नावाच्या तळ्याचे मध्ये पडदा टाकून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तेवढाच भाग शेवाळाने हिरवा झाला. विमानातून काढलेला तो फोटो डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंधनं आणण्याच्या बाजूने मोठा पुरावा ठरला.

पण हिरवं झालं तर बिघडलं कुठे? जलपर्णीची चटई उजेड अडवते आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळू देत नाही. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं खरं, पण रात्री तेही श्वास घेतं. हे सगळं मेलं की कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन फस्त करतात. म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. शेवाळलेल्या तळ्याचा नमुना फक्त दुपारी घेतला, तर रिपोर्ट छान येईल आणि मासे तरी मरतील. मोजायचं कधी, हेही मोजण्याइतकंच महत्त्वाचं!

अंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष आहे, लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन आणि बीओडी जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत 1888 पासूनची आहे आणि कॉलेजच्या लॅबमध्ये सहज करता येते. त्याहून सोपी सेकी तबकडी. 20 सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चौथऱ्यांत रंगवलेली वजनदार थाळी खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की खोली लिहायची. शेवाळ किंवा गाळ जितका जास्त, तितकी ती लवकर दिसेनाशी होते. पवई असो, रंकाळा असो की पाषाण तलाव, सुरक्षित धक्क्यावरून, कुणाला तरी सोबत घेऊन हे करता येतं.

पदवीला पर्यावरणाचा सक्तीचा प्रोजेक्ट असतोच. बहुतेकांचा तो नेटवरून उतरतो आणि कपाटात जातो. त्याऐवजी एकाच ठिकाणी, एकाच वेळी, दर आठवड्याला मोजलं तर? पुढच्या बॅचने तेच पुढे चालवलं तर पाच वर्षांत तुमच्या तलावाची अशी वही तयार होईल, जी घेऊन महापालिकेत जाता येईल. तिथे दरवर्षी जलपर्णी काढण्याबद्दल बोलणारे बरेच भेटतील. तुम्ही मात्र विचारू शकाल, ‘काढताय ते ठीक, पण वरून येणारं खत कधी थांबवणार?’